उंची मोजता येते, मुसंडी कशी मोजणार?

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल गाजवणाऱ्या, पण व्यावसायिक मापात न बसणाऱ्या बचावपटूंच्या भवितव्याचा आढावा

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस सुमारे तीनशे तरुण खेळाडू एका अनोख्या परीक्षेला बसतात. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) ३२ संघांचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि पारखी त्यांची उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात, वजन घेतात, हाताची लांबी आणि पंजाचा विस्तार टिपून ठेवतात. मग चाळीस यार्डांची धाव होते, उड्या होतात आणि २२५ पौंडांचे (सुमारे १०२ किलो) वजन छातीवरून किती वेळा उचलता येते, याची मोजदाद होते. ‘कम्बाइन’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९८७ पासून याच शहरात होत आली आहे. येथे कमी भरलेला एखादा इंच खेळाडूच्या आयुष्याची दिशा बदलू शकतो.

या मोजमापाचा सर्वाधिक जाच होतो तो बचावाच्या पहिल्या रांगेत खेळणाऱ्या, पण त्या रांगेच्या मानाने लहान चणीच्या खेळाडूंना. महाविद्यालयात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडवलेली असते, पुरस्कारांनी कपाट भरलेले असते आणि तरीही प्रश्न उरतोच, की व्यावसायिक मैदानात हे चालेल का? या प्रश्नाचे उत्तर केवळ मोजपट्टीवर सोडणाऱ्या संघांनी मोठी रत्ने गमावली आहेत. मात्र केवळ महाविद्यालयीन पराक्रमावर भरवसा ठेवणाऱ्यांचेही अंदाज चुकले आहेत.

खेळ काय, रांग कोणती?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन्ही संघांच्या रांगा चेंडूच्या रेषेवर समोरासमोर उभ्या ठाकतात. आक्रमक संघाच्या मधल्या पाच जणांचे, म्हणजे एक सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल यांचे काम दुहेरी असते. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करायचे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या पाचांपैकी बहुतेकांचे वजन तीनशे पौंडांच्या (१३६ किलो) वर असते.

त्यांच्यासमोर तीन किंवा चार ‘डिफेन्सिव्ह लाइनमन’ उभे असतात. चढाईपटूला मध्यरेषेकडे परतू न देणाऱ्या कबड्डीतील पकडपटूंशी त्यांची तुलना काही अंशी करता येईल. फरक असा, की येथे पकड घेण्याआधी त्यांना माणसांची एक भिंत ओलांडावी लागते. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला गाठून पाडले, की ती ‘सॅक’ ठरते. लाइनमनच्या कर्तबगारीचे हे सर्वांत ठळक माप होय. चेंडूधारकाला आरंभरेषेच्या मागेच पाडणे, हे दुसरे माप.

या रांगेतही दोन जाती आहेत. मधोमध खेळतात ते ‘डिफेन्सिव्ह टॅकल’. ते सहसा सव्वासहा फुटांच्या आसपास उंच आणि तीनशे पौंडांहून भारी असतात. कडेला खेळतात ते ‘डिफेन्सिव्ह एंड’. ते त्यांच्यापेक्षा हलके, पण अधिक उंच आणि लांब हातांचे. या मापांत दोन-तीन इंच किंवा वीस-तीस पौंड कमी पडले, की खेळाडूवर ‘लहान’ असा शिक्का बसतो. इतरत्र हाच माणूस धिप्पाड म्हणून ओळखला जाईल, ही गोष्ट वेगळी.

आकाराचा आग्रह कशासाठी?

पारख्यांचा हा आग्रह निव्वळ पूर्वग्रह नाही. त्यामागे खेळातील तीन रोकडी कारणे आहेत.

पहिले कारण दुहेरी अडवणुकीचे. धावता डाव असेल, तेव्हा गार्ड आणि सेंटर असे दोघे मिळून एका टॅकलवर चालून जातात. सहाशे पौंडांहून अधिक भार अंगावर येत असताना जागा न सोडणे, हे त्याचे काम. येथे वजन कमी असलेला खेळाडू मागे ढकलला जातो आणि त्याच्या मागचे सगळे सहकारी उघडे पडतात.

दुसरे कारण हातांच्या लांबीचे. समोरासमोरच्या झुंजीत ज्याचे हात आधी प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पोहोचतात, तो झुंजीची दिशा ठरवतो. आखूड हातांच्या खेळाडूला एकदा पकडले, की सुटणे कठीण.

तिसरे कारण झीज. एनएफएलचा नियमित हंगाम २०२१ पासून सतरा सामन्यांचा आहे. महाविद्यालयात साधारणतः बारा नियमित सामने असतात, आणि त्यांतील काही प्रतिस्पर्धी कच्चे असतात. व्यावसायिक मैदानात समोर येणारा प्रत्येक गार्ड कधी काळी आपल्या महाविद्यालयाचा खांब होता.

लहान चणीचे बळ

मात्र याच झुंजीचा दुसरा नियम लहान चणीच्या बाजूचा आहे. कुस्तीच्या आखाड्यात प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली शिरणाऱ्या मल्लाला वजनाची उणीव भरून काढता येते. लाइनमनच्या झुंजीतही तेच होते. ज्याचे खांदे खाली, त्याचा जोर वरच्या दिशेने लागतो आणि समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. साडेसहा फुटांच्या खेळाडूला त्यासाठी मुद्दाम वाकावे लागते. सहा फुटांचा खेळाडू जन्मतःच त्या पातळीवर असतो.

शिवाय दोन प्रतिस्पर्ध्यांमधील फट जितकी अरुंद, तितका आटोपशीर देहाचा फायदा मोठा. चेंडू हलताच पहिल्या पावलाला जो फटीत शिरला, त्याच्यावर दुहेरी अडवणूक करायला प्रतिस्पर्ध्यांना उसंतच मिळत नाही. म्हणून लहान चणीच्या लाइनमनची खरी परीक्षा पहिल्या दहा यार्डांत असते. चाळीस यार्डांच्या धावेतही जाणते पारखी पहिल्या दहा यार्डांची वेळ स्वतंत्रपणे पाहतात.

२०१४ : एक निवड, तीन निकाल

महाविद्यालयीन खेळाडू व्यावसायिक संघांकडे जातात ते ‘ड्राफ्ट’मधून. आयपीएलप्रमाणे येथे पैशांची बोली लागत नाही. सात फेऱ्यांत संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी येते. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये एक विलक्षण योग जुळून आला. देशातील तीन प्रमुख महाविद्यालयीन गटांत २०१३ च्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेले तीन लाइनमन त्यात होते, आणि तिघांच्याही आकाराबद्दल शंका होत्या.

पहिला होता पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड. कम्बाइनमध्ये त्याची उंची भरली सहा फूट पाऊण इंच आणि वजन २८५ पौंड (१२९ किलो). टॅकलच्या जागेसाठी दोन्ही आकडे तोकडे. पण त्याने चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत कापले आणि २२५ पौंडांचे वजन ३५ वेळा उचलले. २०१३ च्या हंगामात त्याच्या नावावर ११ सॅक होत्या आणि चेंडूधारकाला आरंभरेषेमागे पाडण्याच्या २८.५ नोंदी. बचावपटूंना आणि लाइनमनना मिळणारे आउटलंड, लोम्बार्डी, बेडनारिक आणि नागुर्स्की हे चारही राष्ट्रीय पुरस्कार त्याने एकाच वर्षी पटकावले होते. सेंट लुईस रॅम्सने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले.

दुसरा ॲरिझोना स्टेटचा विल सटन. सहा फुटांच्या आसपास उंचीच्या या टॅकलने २०१२ मध्ये १३ सॅक केल्या होत्या. सलग दोन वर्षे तो आपल्या गटातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण व्यावसायिक मापात बसण्यासाठी त्याने मधल्या काळात वजन वाढवले आणि २०१३ मध्ये त्याच्या सॅक चारवर आल्या. कम्बाइनमध्ये वजन तीनशे पौंडांच्या वर भरले खरे, पण चाळीस यार्डांना पाच सेकंदांहून बराच अधिक वेळ लागला. शिकागो बेअर्सने त्याला तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर निवडले.

तिसरा मिसुरीचा मायकल सॅम. सुमारे सहा फूट दोन इंच आणि २६१ पौंडांचा हा एंड २०१३ मध्ये ११.५ सॅकचा धनी होता. मात्र त्यांपैकी नऊ केवळ तीन सामन्यांतील होत्या. कडेच्या जागेसाठी तो लहान, आणि मागच्या रांगेतील लाइनबॅकरच्या जागेसाठी ४.९१ सेकंदांची धाव संथ, असे पारख्यांचे मत पडले. ड्राफ्टपूर्वी त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले होते. त्याची निवड इतकी लांबण्यात या घोषणेचा वाटा किती आणि खेळाचा किती, यावर तेव्हाही वाद झाला. अखेर रॅम्सनेच त्याला सातव्या फेरीत, २४९ व्या क्रमांकावर घेतले.

पुढे काय झाले? सॅमला एनएफएलच्या नियमित हंगामात एकही सामना खेळायला मिळाला नाही. सटन शिकागोकडून तीन हंगाम खेळला, पण २०१२ चा धडाका पुन्हा दिसला नाही. डोनाल्ड पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू होता. २०१८ च्या एका हंगामात त्याने २०.५ सॅक केल्या. फेब्रुवारी २०२२ मधील सुपर बोल सामन्यात सिनसिनाटीच्या अखेरच्या निर्णायक प्रयत्नात क्वार्टरबॅक जो बरोला घेरून त्यानेच रॅम्सच्या विजयावर शिक्कामोर्तब केले. मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा दहा हंगामांत १११ सॅक त्याच्या नावावर होत्या.

तिघांचे महाविद्यालयीन मानमरातब जवळपास सारखे होते, आकाराची उणीवही तिघांत होती. फरक होता तो उणीव भरून काढणाऱ्या गुणाचा. डोनाल्डजवळ असामान्य वेग आणि असामान्य ताकद ही दोन्ही होती, आणि ती केवळ चाचणीत न दिसता प्रत्येक सामन्यात दिसत होती. सटनने आपला मूळ गुण, म्हणजे चपळाई, आकारासाठी खर्ची घातला. सॅमच्या बाबतीत खेळापुरते बोलायचे, तर आकाराच्या बदल्यात दाखवता येईल असा ठळक शारीरिक गुण मोजमापात आढळला नाही.

जागा बदलली, नशीब बदलले

लहान चणीचा खेळाडू यशस्वी होईल की नाही, हे बरेचदा तो कोणत्या संघात आणि कोणत्या जागेवर पडतो, यावर ठरते. काही प्रशिक्षक लाइनमनला दोन फटींची राखण सोपवतात. तो आधी समोरच्याला रोखून धरतो आणि मग चेंडू जाईल तिकडे वळतो. येथे वजनच लागते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला एकच फट दिलेली असते आणि तिच्यातून मुसंडी मारायची मुभा असते. गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहून अशी मुसंडी मारणाऱ्या टॅकलची जागा लहान पण वेगवान खेळाडूला सर्वाधिक मानवते. डोनाल्ड वाढला तो मुख्यतः याच जागेवर.

कधी खेळाडूला रांगच सोडावी लागते. ॲरिझोना विद्यापीठाच्या टेडी ब्रुस्कीने महाविद्यालयीन कारकिर्दीत ५२ सॅक करून तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली होती. तरीही १९९६ मध्ये तो तिसऱ्या फेरीत, ८६ व्या क्रमांकावर निवडला गेला. न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने त्याला लाइनबॅकर बनवले आणि पुढे तीन सुपर बोल विजेतेपदांत तो संघाचा आधारस्तंभ ठरला.

एल्विस ड्युमरव्हिलने मात्र जागा राखली. लुइव्हिल विद्यापीठाकडून २००५ मध्ये त्याने देशात सर्वाधिक, २० सॅक केल्या. पण उंची पाच फूट अकरा इंच. तीन फेऱ्या सरल्या, तेव्हा कुठे डेन्व्हर ब्रॉन्कोजने २००६ मध्ये १२६ व्या क्रमांकावर त्याला बोलावले. उंचीच्या मानाने लांब असलेल्या हातांनी त्याला तारले. २००९ मध्ये १७ सॅकसह तो लीगमध्ये अव्वल होता.

सर्वांत नवलाची कथा जॉन रँडलची. टेक्सासमधील एका लहान महाविद्यालयाच्या या खेळाडूला १९९० च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही, आणि तेव्हा फेऱ्या बारा होत्या. मिनेसोटा व्हायकिंग्जने घ्यावे, एवढे वजन भरावे म्हणून आपण कपड्यांखाली लोखंडी साखळी लपवून काट्यावर उभे राहिलो, अशी आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. चौदा हंगामांत त्याने १३७.५ सॅक केल्या. २०१० मध्ये त्याचा समावेश फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाला.

अशा कथा प्रेरक असल्या, तरी त्यांवरून सरसकट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यशस्वी ठरलेल्यांची नावे स्मरणात राहतात. सराव शिबिरातून परत पाठवलेल्यांची यादी कोणी जपत नाही. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अंदाजानुसार ड्राफ्टला पात्र खेळाडूंपैकी शेकडा दोघेही एनएफएलपर्यंत पोहोचत नाहीत.

वजन वाढवण्याचा सल्ला

लहान चणीच्या खेळाडूला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘वजन वाढव’. सटनच्या उदाहरणातून त्याची खेळातील किंमत दिसते. शरीराची किंमत त्याहून मोठी आहे. अमेरिकी सरकारच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९५९ ते १९८८ या काळात खेळलेल्या सुमारे ३,४०० एनएफएल खेळाडूंचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर खेळाडूंचे आयुर्मान सामान्य पुरुषांपेक्षा चांगले आढळले. अपवाद बचावाच्या पहिल्या रांगेचा. तिच्यातील खेळाडूंमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सामान्य पुरुषांपेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक होता. खेळण्याच्या वयात ज्यांचा देहभार निर्देशांक तीस किंवा त्याहून जास्त होता, त्यांना हा धोका इतर खेळाडूंच्या दुप्पट होता.

एकविसाव्या वर्षी पंधरा किलो वजन चढवणारा तरुण ही जोखीम चार-दोन हंगामांच्या आशेवर पत्करतो. हे वजन स्नायूंचे आहे की चरबीचे, त्यामुळे पहिले पाऊल मंदावले का, आणि कारकीर्द संपल्यावर ते उतरवण्याची काय योजना आहे, हे प्रश्न त्याने आणि त्याच्या कुटुंबाने प्रशिक्षकाला विचारलेच पाहिजेत.

पारखताना काय पाहावे?

या साऱ्या उदाहरणांवरून लहान चणीच्या लाइनमनचे मूल्यमापन करताना काही कसोट्या हाती लागतात.

खरे माप : महाविद्यालयांच्या पुस्तिकांत उंची-वजनाचे आकडे अनेकदा फुगवलेले असतात. कम्बाइनमधील किंवा पारख्यांसमोर घेतलेले माप ग्राह्य धरावे.

हात : उंची कमी, पण हात लांब, हे जुळले तर निम्मी चिंता मिटते. दोन्ही कमी असतील, तर वेग असामान्यच हवा.

पहिले पाऊल : चेंडू हलल्यावर रांगेत सर्वांत आधी कोण हलतो, हे चित्रफितीत पाहावे. चाचणीतील वेग सामन्यात दिसत नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

आकड्यांची विभागणी : सॅक कोणाविरुद्ध आणि किती सामन्यांत विखुरलेल्या आहेत? बलाढ्य संघांविरुद्ध सातत्य असेल, तर तो भरवशाचा पुरावा.

दुहेरी अडवणूक : दोघे अंगावर आल्यावर तो किती मागे जातो? येथे तग धरत नसेल, तर फक्त फेकीच्या डावांपुरता राखीव खेळाडू म्हणून त्याचा विचार होईल.

डावांचे भांडार : महाविद्यालयात निव्वळ वेगावर निभावते. पुढे हात झटकणे, खांदा खाली घालणे, गिरकी घेणे असे निदान दोन-तीन डाव पक्के हवेत. सिराक्यूज विद्यापीठातून २००२ मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेलेला, सहा फूट एक इंच उंचीचा ड्वाइट फ्रीनी आपल्या गिरकीच्या बळावर १२५.५ सॅकपर्यंत पोहोचला आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

संघ : निवडणारा संघ त्याला कोणत्या जागेवर खेळवणार, हे कळल्याशिवाय भाकीत अपुरे.

शेवटच्या कसोटीचा व्यवहाराशीही संबंध आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. मोठी रक्कम गुंतल्याने त्याला सुधारायला अवधी मिळतो. सहाव्या-सातव्या फेरीतील किंवा निवडच न झालेल्या खेळाडूला हा अवधी नसतो. शिबिरातील नव्वद जणांतून हंगामासाठी ५३ उरतात. सरावसंघातील जागा ही त्यानंतरची आशा. म्हणूनच ज्याची निवड लांबणार असे दिसते, त्याच्यासाठी आपल्या शैलीला साजेसा संघ मिळणे हे दोन-चार क्रमांक वर सरकण्याहून मोलाचे ठरते.

बदलती दृष्टी

डोनाल्डच्या यशानंतर पारख्यांची नजर काही प्रमाणात निवळली. २०१९ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाच्या, २८७ पौंडांच्या एड ऑलिव्हरला बफेलो बिल्सने नवव्या क्रमांकावर घेतले. २०२३ मध्ये पिट्सबर्गचाच कॅलायजा कॅन्सी २८१ पौंडांचा भरला. हातांची लांबी जेमतेम ३०.६ इंच, पण चाळीस यार्ड ४.६७ सेकंदांत, म्हणजे डोनाल्डपेक्षाही शतांश सेकंदाने लवकर. टॅम्पा बे बकनिअर्सने त्याला एकोणिसाव्या क्रमांकावर निवडले, आणि २०२४ च्या हंगामात त्याने ७.५ सॅक केल्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी याच मापांचा खेळाडू तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ताटकळला असता.

मात्र या बदलाचा उलटा अर्थ लावणेही चुकीचे ठरेल. आता प्रत्येक लहान चणीच्या टॅकलला ‘दुसरा डोनाल्ड’ म्हणण्याची प्रथा पडली आहे आणि ती त्या तरुणांवर अन्याय करणारी आहे. डोनाल्ड अपवाद होता. त्याच्या उंचीचे खेळाडू दर वर्षी येतात, त्याच्या पहिल्या पावलाचे येत नाहीत. फ्रीनी, ड्युमरव्हिल किंवा ब्रुस्की यांचे मार्ग अधिक अनुकरणीय आहेत. कोणी एक डाव घोटून घेतला, कोणी लांब हातांचा उपयोग केला, कोणी जागाच बदलली. लहान चणीच्या महाविद्यालयीन लाइनमनचे भवितव्य ठरवताना या तिघांपैकी कोणता मार्ग त्याला खुला आहे, हे आधी पाहावे. एकही मार्ग दिसत नसेल, तर पदवीचे शिक्षण पूर्ण करण्याचा सल्ला त्याला स्पष्ट शब्दांत आणि वेळेवर मिळायला हवा.